मामांनी खुर्ची फिरवली

बनशंकरीच्या त्या बंगल्यातली चोरी मी पोलिसातून निवृत्त झालो तरी मनातून गेली नाही. नावं सांगत नाही. माणसं हयात आहेत.

कित्येक पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आलेलं ते सरदार घराणं. देवनहळ्ळीकडची इनामाची जमीन कायद्यात गेली, उरलेली प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्यांनी घेतली. बंगल्याचा पुढचा भाग मुलींच्या हॉस्टेलला भाड्याने दिला होता. मागच्या खोल्यांत घरातले कर्ते, म्हणजे सरकार, त्यांची अविवाहित थोरली बहीण अक्कासाहेब आणि सरकारांचा मुलगा राहत. पाहुण्याला चांदीच्या पेल्यातून कॉफी यायची, आणि घरची माणसं म्हणायची, "आमची आत्ताच झाली." आतून डबा खरवडल्याचा आवाज यायचा, तो आपण ऐकला नाही असं दाखवायचं. नोकर एकच उरला होता. स्वयंपाक आणि देवपूजा दोन्ही बघणारे म्हातारे मामा. पगार थांबला तरी ते थांबले.

एका सकाळी मुलगा ठाण्यात आला. देव्हाऱ्यातला खंडोबाचा चांदीचा मुखवटा गायब झाला होता. मी गुन्हा नोंदवला, घरी जाऊन पंचनामा केला. कुलूप शाबूत, कडी शाबूत. म्हणजे हात घरातलाच. कोपऱ्यावरच्या फुलवालीने खबर दिली, "अण्णा, तो अज्जा, बंगल्यातला म्हातारा, काल पिशवी छातीशी धरून ऑटोत बसला. मी म्हटलं स्वल्प फुलं तरी घेऊन जा, तर ओळखच दाखवली नाही!"

मामांना ठाण्यात आणलं. मुलगा मागोमाग आला.

"दोन ठेवून द्या, लगेच बोलेल," तो म्हणाला.

"ठाणं माझं आहे. तुम्ही बाहेर बसा."

"तुम्ही कुठल्या घराण्यातले हो?"

"माझं घराणं माझ्यापासून सुरू होतं," मी म्हणालो. बापाने निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत पोती उचलली, मी पदवी घेतली. हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही.

मामांना विचारलं, "मुखवटा तुम्ही नेला?"

त्यांनी धोतराचा सोगा सारखा केला.

"उद्या कोर्टात उभं करावं लागेल. या वयात चोरीचा शिक्का बसेल, मामा."

"बसू दे, साहेब. बेलभंडारा उचललाय मी. मारा, पण विचारू नका."

मी थबकलो. आमच्या भागातही खंडोबा कुलदैवत. बेल आणि हळद हातात घेऊन वाहिलेली शपथ माणूस मोडत नाही. पण शपथ कुणीतरी घालावी लागते. चोर स्वतःला शपथ घालून घेत नाही.

दुपारी शिपायाने जेवण आणलं. मामांनी आधी ताटाला हात लावला नाही. उठले, भिंतीकडची खुर्ची उचलून खिडकीकडे फिरवली, एक घास बाजूला काढला, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटून हात जोडले. देवाच्या दिशेला तोंड करून नैवेद्य दाखवल्याशिवाय ते कधी जेवत नसत, हे सकाळी घरी ऐकलं होतं.

मी विचारलं, "मामा, बंगला तुमच्या पाठीमागे राहिला. देव कुठे बसलाय?"

त्यांचा घास हातातच राहिला. डोळ्यांत पाणी आलं. खिडकी मारतहळ्ळीच्या बाजूची होती. आणि सरकारांची मुलगी लग्न होऊन मारतहळ्ळीत राहते, हे सकाळच्या जबाबात लिहिलेलं होतं.

शपथ घालणारं माणूस त्या घरातलंच असणार, म्हणून मी एकटाच बंगल्यावर गेलो. अक्कासाहेब मागच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"मामा कुठे आहेत, अक्का?"

"गावाला गेलाय म्हणे. न सांगता गेला, मेला."

"ठाण्यात आहेत. चोरीच्या आरोपाखाली."

सूप त्यांच्या मांडीवरून घसरलं. त्या घरच्या बायका परक्या पुरुषासमोर खुर्चीवरही बसत नसत. अक्कासाहेबांनी पदर खोचला, पायात चपला घातल्या आणि माझ्या आधी जीपमध्ये जाऊन बसल्या.

ठाण्यात आता मुलाबरोबर सरकारही येऊन बसले होते. अक्कासाहेब सरळ मामांपुढे उभ्या राहिल्या. "मूर्खा, माझ्यासाठी तुरुंगात जाणार होतास? जा, सोडलं तुला शपथेतून." मग भावाकडे वळल्या. "देव मी भाचीकडे पाठवला. तुझा लेक तो हॉटेलवाल्याला विकायला निघाला होता, काचेत ठेवायला! माहेरचा देव लेकीच्या घरी जात नाही, माहीत आहे मला. पण हॉटेलात तरी जातो का?"

मुलगा म्हणाला, "आत्या, भुकेपुढे देव काय करणार?"

"भुकेची लाज तुला आत्ता वाटली. तो म्हातारा आपलं उरलंसुरलं खातो, त्याला कधी वाटली नाही."

सरकारांनी टोपी काढली आणि मामांचा हात धरला. ठाण्यातले शिपाई टाइप करायचे थांबले होते. मी त्यांना कामाला लावलं, कारण मलाही खाली बघायचं होतं.

मी त्यातून एवढं शिकलो: जो बोलत नाही तो लपवतोच असं नाही, कधी कधी तो कुणालातरी सांभाळत असतो. आरोपीला विचारायच्या आधी त्याला जेवू घालावं, आणि तो जेवताना आपण बघावं.

मी जबाब घेतले, मारतहळ्ळीत जाऊन मुखवटा पाहिला आणि चोरी झालीच नाही, असा अहवाल कोर्टाला पाठवला. देव लेकीच्या घरीच राहिला. चंपाषष्ठीला अख्खं घर तिथे जातं, आणि भंडारा मामांच्या हातून उधळला जातो. मामांच्या नावावर कसलाही गुन्हा राहिला नाही.