मऊ दाढीचे दोघे

रखमाजीचा आजार त्याला डॉक्टरांनी सांगितला. कारभारीआण्णांचा आजार त्याला वस्तऱ्यानं सांगितला.

बेलापुरात पेठेच्या तोंडाशी लिंबाखाली रखमाजीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी खुर्ची, पारा उडालेला आरसा आणि डोक्यावर पत्रा. १९७० च्या दिवाळीआधी लघवी अडली म्हणून हा साठीचा न्हावी नगरच्या मोठ्या दवाखान्यात गेला आणि नळी घालून पडून राहिला. निघताना डॉक्टरांनी खोलीचं दार लोटून घेतलं. मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, तिथं कॅन्सर झालाय आणि तो हाडांत उतरू लागलाय, असं त्यांनी सांगितलं. बरा होणार नाही, गोळ्यांनी काही वर्षं दबून राहील. गोळी बायकांच्या अंगातल्या रसाची आहे. छाती भरेल, अंगातून वाफा येतील, पुरुषपण जाईल. पण गोळी चुकवायची नाही.

सगळं तसंच झालं. संक्रांतीला छाती दुखू लागली, मग सुजली. सदऱ्याचं कापड घासलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. रखमाजीनं सदऱ्यावर जुना काळा कोट चढवला आणि उन्हाळा आला तरी उतरवला नाही.

"रखमा, चैतात कोट? कलेक्टर हापिसात चिकटला का काय?" गिऱ्हाइकं विचारायची.

"सासऱ्यानं दिलाय. मरायच्या आत फाडायचा हाय."

लोक हसायचे. घरी बायकोला, सुमनबाईला, त्यानं मूतखडा म्हणून सांगितलं होतं. ती रोज हुलग्याचं कढण करून द्यायची, तो निमूट प्यायचा आणि ओसरीवर वेगळा निजायचा.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी सांगितली नव्हती. त्याची दाढी मऊ पडली. एक दिवसाआड करावी लागायची, ती आठवड्यावर गेली. केस तान्ह्या पोराच्या जावळासारखे झाले. ही गोष्ट न्हाव्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आली नसती.

कारभारीआण्णा गावातले उसाचे बागायतदार. आवाज मोठा, मिशा मोठ्या, आणि दाढी अशी राठ की त्यांच्यामागून आलेल्या गिऱ्हाइकासाठी वस्तरा पुन्हा पट्ट्यावर घासावा लागे. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला ते खुर्चीत बसले, रखमाजीनं साबण लावला, वस्तरा टेकवला, आणि तो करकरलाच नाही. रखमाजीचा हात थांबला. आण्णांच्या अंगात दोन बंड्या होत्या.

तो कानाशी वाकला. "आण्णा, गोळी चालू हाय का?"

"कसली गोळी?"

"नगरची. पांढरी."

आण्णा ताडकन उठले. "येडा झाला का रं तू?" अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून ते पेठेतून चालू लागले. पुढं कितीतरी दिवस ते दुकानाकडं फिरकले नाहीत. मोठं गिऱ्हाईक तोडलंस, म्हणून सुमनबाई बोलली.

मग एका भर दुपारी, पेठ निजलेली असताना, ते आले.

"कुनाला बोललास?"

"न्हाई."

"मग तुला कसं कळलं?"

रखमाजीनं कोटाच्या गुंड्या काढल्या आणि सदरा वर केला. आण्णा बघत राहिले.

"दुखतं?"

"वारा लागला तरी."

"मला वाटलं, माझंच असं सडतंय." आण्णा खुर्चीत बसले. "आन वाफा?"

"मानंपासनं वर. कान तापत्यात."

"आमची आय म्हातारपनी पदरानं वारा घ्यायची, तवा आमी हसायचो." थोड्या वेळानं ते स्वतःच हसले. "म्हंजी आपन आता जावा-जावा झालो की रं, रखमा."

"थोरली तुमी. चूल सारवायला मी हायेच."

त्या दिवसापासून गोळ्या आणायला ते बरोबर जाऊ लागले. यष्टीत बसताना ओळख नसल्यासारखे वेगवेगळ्या बाकांवर बसायचे, राहुरी मागं पडली की आण्णा सरकून जागा करायचे. नगर येईपर्यंत तोंडाला खळ नसे. नळी काढताना किती जळालं, बायको रात्री पाठ फिरवून निजते ती रागानं की सवयीनं, कमरेतली कळ साधी की त्यातली. सदऱ्याच्या आत जुन्या लुगड्याचं मऊ फडकं गुंडाळलं तर घासत नाही, हे रखमाजीनं आण्णांना शिकवलं. आण्णा 'तू' म्हणत, रखमाजी 'तुमी' म्हणे. त्यात काही बदललं नाही. पण ज्याला सगळं सांगता येतं असा माणूस रखमाजीला साठ वर्षांत हा पहिलाच मिळाला होता.

पुढच्या माघात आण्णांच्या गालावर वस्तरा पुन्हा करकरला.

रखमाजीनं हात मागं घेतला. "आण्णा, गोळी सोडली?"

आण्णा आरशात बघत होते. "पोराचं, गोरक्षचं, लगीन धरलंय वैशाखात. आमच्या भावकीत वरबापाला मांडवात पाटावर उघडं बसवून न्हाऊ घालत्यात. सगळे सोयरे म्होरं. हे गोळे घिऊन बसू?"

"पानी घालनारा मीच की! तोंड भिंतीकडं करून बसवतो, म्होरं मी उभा ऱ्हातो. उपरनं काढूच देत न्हाई कुनाला."

"तू एकटा किती झाकशील?"

"गोळी सोडू नगा, आण्णा. तुमी गेल्याव मी कुनाशी बोलू?"

"लगीन होऊ दे. मग तुज्यासंगं बसून डबल खातो."

रखमाजी एकदा गोरक्षला सांगायचं ठरवून मळ्यापर्यंत गेला. गोरक्ष मांडवाचे बांबू उतरवून घेत होता. "रखमादादा, आण्णा कसे तकतकीत झालेत, बघितलं का? पोराच्या लग्नानं मानूस तरना हुतो." रखमाजी पाणी पिऊन माघारी आला. कुणाला सांगणार नाही, असं आण्णांच्या हातावर हात ठेवून तो बोलला होता.

लग्नात आण्णांना पाटावर बसवलं, तेव्हा छाती तसूभरही उतरलेली नव्हती. दाढी परत आली, दुखणं परत आलं, छाती तेवढी राहिली. रखमाजीनं बोलल्याप्रमाणं त्यांचं तोंड भिंतीकडं केलं, स्वतः पुढं उभा राहिला, पाणी डोक्यावर आणि पाठीवरच ओतलं, आणि उपरणं एका हातानं गच्च धरून ठेवलं. "आण्णा नवरीवानी लाजत्यात की!" मागून कुणीतरी ओरडलं. मांडव हसला. कुणालाही काही दिसलं नाही.

आण्णांनी मान वर करून रखमाजीकडं पाहिलं. गोळी सोडायची गरज नव्हती, हे दोघांनाही त्याच वेळी कळलं. रखमाजीनं पुढचा तांब्या ओतला.

ज्येष्ठात आण्णांची कंबर धरली. गोळी पुन्हा सुरू केली, पण ती लागेना. आषाढात पायांतली शक्ती गेली. नगरच्या डॉक्टरांनी आता अंड काढून टाकायला सांगितलं. "बैल बडवत्यात तसं?" म्हणून आण्णांनी तोंड फिरवलं. रखमाजी घरी जाऊन त्यांची दाढी करायचा. खोलीत माणसं असायची, त्यामुळं बोलणं होत नसे. तो फक्त गालावर पाणी जरा जास्त वेळ चोळायचा.

"बघा दादा," गोरक्ष म्हणायचा, "पाय गेले, पन दाढी कशी राठ हाय. अंगात ताकद हाय अजून."

रखमाजी वस्तरा पुसायचा.

भादव्यात आण्णा गेले. दहाव्याला प्रवरेच्या काठी रखमाजीनं गोरक्षचं डोकं केलं. पाऊस नव्हता, नदीत डबकी उरली होती. मान खाली घातलेल्या गोरक्षनं विचारलं, "आण्णांना नेमकं काय झालं हुतं? तुमाला कधी बोलले का?"

"न्हाई," रखमाजी म्हणाला.

पुढं दुष्काळ पडला. रखमाजी गोळ्यांना एकटा जाऊ लागला आणि राहुरी मागं पडली तरी खिडकीबाहेर बघत बसू लागला. खडी फोडायच्या कामावरची धुळीनं भरलेली माणसं दुकानात येऊ लागली. प्रत्येक गालावर पाणी लावलं की तो क्षणभर थांबायचा, आधी बोटांनी चाचपायचा, मग वस्तरा टेकवायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "काय हुडकतो रं?"

वस्तरा करकरायचा. दर वेळी करकरायचाच.