लपणातलं थालीपीठ

भरलेल्या बंदुकीसमोर गरम थालीपीठ घेऊन उभी राहिलेली बाई तुम्ही पाहिली नसेल. ती मी. २०१६च्या पानगळीत, लेक राहते त्या व्हिटबीहून दोनेक तासांवरच्या पाणथळीत. वय अवघं अडुसष्ट, म्हणजे अक्कल यायची होती.

माझी लेक दर वर्षी तिथे बदकांच्या शिकारीला जाते. लायसन्स काढून, रीतसर. शाकाहारी घरात हे कुठून उगवलं म्हणून मी आधी तोंड फुगवलं आणि मग 'मलाही ने' म्हणून हट्ट धरला.

लव्हाळ्याने झाकलेली फळ्यांची खोपटी. लेक तिला ब्लाइंड म्हणते, मी लपण. समोर पाण्यावर तिची प्लास्टिकची बदकं डोलत होती, खऱ्यांना भुलवायला.

"आई, मी सांगेपर्यंत उठायचं नाही. बंदूक रिकामी करून खाली ठेवली की मग हाल."

"बरं बाई." सासूबाईंनाही मी असंच 'बरं' म्हणायचे आणि मला हवं तेच करायचे.

उजाडलं. पोरगी नुसत्या कॉफीवर. मी डबा उघडला. "खाऊन घे."

"नको, नंतर."

आमच्याकडे 'नको' म्हणजे आणखी आग्रह करा. तेवढ्यात डावीकडून बदकं आली. तिने बंदूक खांद्याला लावली, नळी त्यांच्यामागे फिरू लागली, आणि मी ताटली घेऊन तिच्या बाजूला सरकत उठले. गार होत होतं ना.

नळी माझ्या कानाशी येऊन थांबली. मग हळूच खाली गेली. तिने काडतुसं काढली आणि आजचं पुरे म्हणाली.

आता मी दर वर्षी जाते, दगडासारखी बसते. लपणात कुणी नवं आलं की आधी विचारते, बार टाकायची तुझी बाजू कुठली ते ठरलंय ना? पाण्यावर बसलेल्या बदकावर बार नाही. लांबच्यावर तर नाहीच. ते नुसतं जखमी होतं आणि लव्हाळ्यात जाऊन मरतं. पाडलेलं सापडेपर्यंत घरी जायचं नाही. हे मी असं ठणकावते, की ऐकणाऱ्याला वाटावं हिचा जन्म चिखलात गेला.

त्या सकाळी परतताना मात्र गाडीत माझी फुशारकी चालली होती. "आई दिसताक्षणी कशी थांबलीस! हात पक्का आहे हो माझ्या लेकीचा."

तिने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाली, "आई, तू मला दिसलीच नाहीस. बदकं फार लांब होती, म्हणून मी थांबले."