तिसऱ्या बाजूला काय आहे?

तुमच्याकडे एवढे किस्से साठतात कसे, असं मला लोक विचारतात. सोपं आहे. मी कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही. विश्वास ठेवणारा माणूस मान डोलावून पुढे निघून जातो. मी थांबते, वाकून बघते, मागच्या दारानं येऊन पुन्हा बघते. जन्मभर असं केलं की घरात भांड्यांपेक्षा किस्से जास्त होतात!

हे सगळे आमच्या बुऱ्हाणपूरच्या नाटकमंडळातले, आणि एकाच हंगामातले. नवं राज्य नुकतंच झालं होतं. आमची राजधानी नागपूरहून उचलून भोपाळला नेली होती. जळगाव त्या बाजूला, आम्ही या बाजूला. बुधवारा पेठेत कुणी मराठीत मोठ्यानं शिंकलं तरी दोन माणसं वळून बघायची. असल्या दिवसांत आम्ही नाटक बसवत होतो, आणि त्याचे पडदे फिरते करायचं मी मनावर घेतलं होतं.

कारण साधं होतं. आमच्याकडे महाल काढून जंगल लावायला वीस मिनिटं लागायची. तेवढ्यात प्रेक्षक चहाला जायचे ते घरीच पोचायचे!

•

मी चौथी शिकलेली. पण डोकं चौथीत सोडून आले नव्हते. माणसापेक्षा उंच, तीन बाजूंचं लाकडी खोकं. एका बाजूला महाल, दुसरीवर जंगल, तिसरीवर तापीचा घाट. अशी पाच खोकी ओळीनं उभी करायची. घंटी झाली की पाचही उजवीकडे वळतील आणि महालाचं जंगल होईल. आत एक बाई उभी राहून ढकलेल, एवढी जागा ठेवलेली.

गिरधर सुतार आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, “जिजी, खरं सांगा, हे मास्तरांनी सुचवलं ना?”

मास्तर म्हणजे आमचे हे. ह्यांना खिळा आणि खुंटी यातला फरक मी लग्नानंतर शिकवला!

“मी सुचवलं,” मी म्हटलं.

“बरं, बरं. मग मास्तरांनी काढलेला नकाशा दाखवा.”

“खाली बघ.”

त्यानं खाली बघितलं. अंगणभर कोळशानं काढलेला माझा नकाशा, मापांसकट, आणि त्याच्या बरोबर मधोमध हा चपला घालून उभा!

•

खोकं फिरणार कशावर, हा खरा प्रश्न होता. मी म्हटलं, जात्यावर. पिठाची गिरणी आल्यापासून घरोघरी जाती कोपऱ्यात पडून होती. खालची तळी जमिनीवर राहील, वरच्या तळीला खोक्याच्या आडव्या पट्ट्या बांधायच्या. पाच घरांतून पाच जाती आली, आणि त्या घरांतल्या पाच बायकाही. पुरुषांना आम्ही आत घेतलं नाही. त्यांना जातं फिरवायची सवय कुठली?

तिसऱ्या तालमीला स्टेजवर पांढरी भुकटी दिसली. महालाच्या बुडाशी बारीक ढीग! मंडळाचे सेक्रेटरी नानासाहेब कचेरीत कारकून होते, आणि त्या दिवसांत स्वतःच्या सावलीलाही ओळख विचारायचे. ते दोन पावलं मागे सरले. “हात लावू नका! कुणीतरी काहीतरी पेरलंय!”

मलाही संशय आला, पण उंदरांचा. मी बोट लावून चाखलं. ज्वारी!

मथुराकाकू आपल्या खोक्यातून बाहेर आल्या. चेहरा असा, की देवासमोरचा पेढा खाताना सापडल्या असाव्यात. “रिकामं जातं फिरवू नये ना जिजी. अपशकुन होतो. म्हणून मूठभर टाकते.”

“फक्त तुम्हीच?”

बाकीच्या चौघी आपापल्या पायांकडे बघायला लागल्या.

पाच तालमी झाल्या तेव्हा दोन भाकरींचं पीठ निघालं. त्या भाकरी नानासाहेबांनीच खाल्ल्या, पण आधी मला एक घास खायला लावून!

•

एका तालमीत घंटी झाली, चार खोकी उजवीकडे वळली आणि दुसऱ्या नंबरचं डावीकडे. कोपऱ्यात कोपरा अडकला. अर्धा महाल, अर्धं जंगल, आणि राजा मधे चेंगरलेला!

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. दोन नंबरला कौसल्या होती, नवीन लग्न झालेली, तोंडात जीभ नसल्यासारखी. माझा संशय पक्का झाला. पलीकडच्या पेठेतल्या मंडळानं हिला फोडलं! मी तिला बाजूला घेतलं.

“खरं बोल. कुणी सांगितलं तुला उलटं फिरवायला?”

ती रडायलाच लागली. “कुणी नाही जिजी. मी डावरी आहे.”

“पण तुझ्या सासूबाई तर सांगतात, सून उजव्या हातानं छान दळते!”

तिनं डोळे पुसले. “घरी सासूबाई बघतात ना. इथं आतमधे कोण बघतं?”

मी तिच्या खोक्याच्या दोन्ही बाजूंना चार बोटं जागा वाढवली, आणि त्यावरच्या जंगल-घाटाच्या बाजूंची अदलाबदल केली. फिर म्हटलं, तुला जसं फिरायचंय तसं!

•

पलीकडच्या पेठेवरचा माझा संशय मात्र खोटा नव्हता. एक सद्गृहस्थ रोज यायचे. “नुसतं बघतो, जिजी.” बघताना हाताच्या वितीनं खोकं मोजायचे. एक दिवस फारच गोड आवाजात म्हणाले, “इतकं हलकं फिरतं कसं हो?”

मी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला. “कुणाला सांगू नका. दोन्ही तळ्यांच्या मधे एरंडेल. वाटीभर.”

आमच्या आधी त्यांचं नाटक लागलं. उघड्या पटांगणात. मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. राजा महालात सिंहासनावर बसला, तेवढ्यात वारा सुटला. उठला तेव्हा जंगलात होता!

•

प्रयोगाला परवानगी लागायची, आणि ती देणारे साहेब नवीन आलेले, जबलपूरकडचे. अर्जात भाग घेणाऱ्या प्रत्येकाचं नाव द्यायचं होतं. नानासाहेबांनी सगळ्या पुरुषांची नावं लिहिली आणि आमची गाळली. बायकांची नावं कचेरीत गेलेली घरच्यांना चालणार नाहीत म्हणाले. मला विचारलंसुद्धा नाही!

साहेब तपासणीला आले. पाठीमागे हवालदार. छडीनं खुणावत त्यांनी एकेक खोकं बाहेरून फिरवून घेतलं. “ये महल। ये जंगल। और ये तीसरी तरफ चादर क्यों ओढ़ा रखी है?”

मी चादर काढली. खाली कोरं कापड. घाट अजून रंगवायचा होता.

“कोरा क्यों है?”

“रंग यायचाय. जळगावहून.”

“अच्छा!” साहेबांनी हवालदाराकडे बघितलं. “रंग भी उधर से आता है।” मग माझ्याकडे वळले. “जब कुछ है ही नहीं, तो ढका क्यों था?”

धूळ बसते म्हटलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. धूळ!

मग विचारलं, “ये घूमता कैसे है? अंदर कौन रहता है?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नानासाहेब पुढे झाले. “कोई नहीं साहब! मशीन है।”

साहेबांनी पहिल्या प्रयोगापुरती परवानगी दिली. अर्जाबाहेरचा एक जरी माणूस स्टेजवर सापडला तर मंडळाला कुलूप, आणि नानासाहेबांना कचेरीत जाब. साहेब गेल्यावर मी नानासाहेबांना म्हटलं, “चौथी शिकलेल्या बाईला मशीन म्हणता? तुम्ही तर मॅट्रिक!”

ते परवानगीचा कागद पुन्हा पहिल्यापासून वाचत होते. घरात सात तोंडं, आणि नोकरी एक.

•

प्रयोगाच्या दिवशी, पडदा उघडायला तासभर असताना मथुराकाकूंचा निरोप आला. हवालदार गल्लीत चौकशी करून गेला, घरचे घाबरले, मी येत नाही. बदली बाई पाठवते.

बदली बाई आली. चांगली उंचीपुरी, डोक्यावरून हनुवटीपर्यंत पदर.

“कोण गं तू?”

“हिंदी में बोलूँ तो चलेगा?”

“आत उभं राहून बोलायचंच नाहीये. कुणी पाठवलं तुला?”

“मथुराजी से मैंने ही कहा था, आपकी जगह मैं चली जाती हूँ। सामने की खिड़की से रोज देखती हूँ। घंटी पर दाहिने, है ना? दो नंबर बाएँ।”

दोन नंबरचं गुपित आम्ही मंडळाबाहेर कुणाला सांगितलंच नव्हतं! ही बाई साहेबांनीच पेरलेली, यात मला शंका उरली नाही. पण खोकी पाच आणि बायका चार. मी आत शिरले तर ही बाहेर मोकळी! काय करणार? तिला मथुराकाकूंच्या मधल्या खोक्यात घातलं, आणि मी स्वतः स्टेजमागे त्या खोक्यापाशी उभी राहिले, हात कमरेवर ठेवून.

पहिली घंटी. महालाचं जंगल झालं. इतकं अलगद, की प्रेक्षकांतून ‘अरे!’ असा आवाज आला. मधलं खोकं सगळ्यांत सफाईनं फिरलं. माझा संशय आणखी वाढला.

दुसऱ्या घंटीची वेळ आली. आता घाट दिसायचा होता, जळगावचा रंग आल्यावर रंगवलेली तिसरी बाजू. आणि पायऱ्यांवर बूट वाजले. साहेब खुर्ची सोडून स्टेजमागे आले होते. पाठोपाठ नानासाहेब, चेहरा पिठासारखा.

साहेब खोक्यांपुढून कान देत देत चालले. मधल्यापाशी थांबले.

“नानासाहब, आपकी मशीन साँस ले रही है।”

नानासाहेबांनी खांब धरला. मी पुढे झाले. “साहेब, जे काय आहे ते माझं आहे. माझं नाव लिहा.”

त्यांनी मला हातानं बाजूला केलं, छडी उचलली आणि लाकडावर तीनदा वाजवली. “कौन है अंदर? नाम बताओ!”

आतून आवाज आला. चढा, स्वच्छ, आणि जरासुद्धा न घाबरलेला.

“ग्यारह बरस से एक ही घर में रहते हैं, और नाम पूछते हैं? छड़ी हटाइए, घंटी होने वाली है!”

साहेबांनी छडी बगलेत धरली. टोपी काढली.

“जी,” म्हणाले.