म्हाताऱ्या खेळाडूला कोण घेईल?

ब्लँचर्डस्टाउनच्या सकाळच्या बसमध्ये हा माणूस माझ्या शेजारी बसतो आणि अमेरिकन बास्केटबॉलचा बाजार मांडतो. महिनाभर एकाच खेळाडूचा विषय चालू आहे. त्याचं वय झालंय, आणि त्याचा संघ त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारायला बघतोय. "इथे गेला तर ग्रँड. तिथे गुडघे टिकणार नाहीत. सिंपल आहे, इमोशनल नाही व्हायचं." प्रत्येक निकालानंतर तो स्वतःच्या मांडीवर थाप मारतो.

शनिवारी त्याच्याकडे चहाला गेलो. अकोल्याहून आलेले त्याचे वडील टीव्हीजवळच्या खुर्चीत बसले होते. तेवढ्यात पुण्याहून बहिणीचा फोन आला आणि हा त्यांच्यादेखतच बोलू लागला. "बाबांचा व्हिसा संपतोय. दादाकडे जिने आहेत, गुडघे टिकणार नाहीत. तुझ्याकडे लिफ्ट आहे. सिंपल आहे." मांडीवर थाप पडली. इमोशनल व्हायचं नाही, हे या वेळी कुणाला सांगावंही लागलं नाही.

फोन ठेवल्यावर वडिलांनी विचारलं, "मंग? ठेवून घेतो म्हनते का ते?"

"बघते म्हणाली." त्याने मॅच लावली.

आड येऊ नये म्हणून वडिलांनी आपणहून खुर्ची बाजूला सरकवली.