काल गाडी कुठं होती

देऊळगाव राजाच्या बसस्टँडापासून चार पावलांवर आमचं दुकान आहे. मागच्या भागात माझ्या नवऱ्याचं गॅरेज, पुढच्या भागात माझं टेबल, भिंतीवर टांगलेली हेल्मेटं आणि भाड्यानं द्यायच्या पाच मोटारसायकली. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या, म्हणजे रीतसर परवान्याच्या. बालाजीच्या दर्शनाला आलेली, सिंदखेडराजा बघायला निघालेली, लोणारच्या सरोवरापर्यंत स्वतः गाडी चालवत जायची हौस असलेली माणसं आमच्याकडं येतात. गाडी नेताना सगळी गोड असतात. आणताना त्यांची तोंडं बदलतात.

गाडीला जे काही झालेलं असतं ते कुणीच केलेलं नसतं. आरसा आपोआप फुटतो, इंडिकेटर वाऱ्यानं तुटतो. एका गृहस्थांनी हेल्मेट हरवलं आणि वर मलाच विचारलं, "तुम्ही ते दिलं होतं याला पुरावा काय?" मी पावतीवरची सही दाखवली. ते म्हणाले, "सही माझीच आहे, पण हेल्मेट मला आठवत नाही." त्या दिवसापासून मी प्रत्येक गाडीचा व्हिडिओ काढायला लागले. जाताना एक, आल्यावर एक. आता कोण काय बोलतो बघू, असं मला वाटलं होतं.

मागच्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी सकाळी पुण्याचं एक जोडपं आलं. पन्नाशीतले असतील दोघं. गृहस्थांनी गाडी पुढून-मागून न्याहाळली, टायर दाबून पाहिले, कागद वाचले, परवान्याचा फोटो काढला. बाई बाकावर बसून चहा पीत होत्या. त्याच वेळी आणखी चार गिऱ्हाइकं दारात उभी होती, त्यामुळं मी व्हिडिओ घाईघाईनं उरकला. ती गाडी नवऱ्यानं सकाळी भिंतीला अगदी चिकटून लावली होती. डाव्या बाजूला फोन कसाबसा घुसवला आणि "झालं, निघा," म्हटलं.

संध्याकाळी पाचला ते लोणारहून परत आले. उन्हानं लाल झालेले, पण खूष. मी गाडी फिरवून डाव्या बाजूला गेले आणि माझं डोकंच फिरलं. गिअरचा खटका आत वाकलेला, पाय ठेवायच्या दांडीचं रबर सोललेलं, बाजूच्या पत्र्यावर वीतभर ओरखडा.

"पडलात कुठं?" मी विचारलं.

"नाही. हे आधीचंच आहे," ते म्हणाले.

किती वेळा ऐकलंय मी हे वाक्य! मी सकाळचा व्हिडिओ लावला. त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवून तो दोनदा पाहिला. "ताई, यात डावी बाजू दिसतच नाहीये. नुसता अंधार आहे."

मग मी गुरुवारचा व्हिडिओ काढला. आदल्या गिऱ्हाइकानं गाडी परत केली तेव्हाचा, लख्ख उजेडातला. डावी बाजू आरशासारखी.

"हा परवाचा आहे," ते म्हणाले.

"मग?"

"परवा आणि आज यांच्यामध्ये काल असतो."

लहान मुलाला वार शिकवावेत तसं बोलले ते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काल ही गाडी भाड्यानं गेलीच नाही."

"भाड्यानं गेली नसेल. पण कुठंच गेली नाही कशावरून?"

मी घरात-बाहेर शुद्ध बोलते. कॉलेजात असल्यापासून ती सवय मुद्दाम लावून घेतली आहे. पण राग आला की ती सवय मला सोडून जाते. "तुम्हाले म्हणायचं तरी काय हाये? आम्ही खोटं बोलून राह्यलो का?"

"आधी नीट मराठीत बोला," ते म्हणाले, "म्हणजे मला कळेल."

दारात दोन-तीन रिक्षावाले गंमत बघत उभे होते. त्यांच्यातला एक म्हणाला, "ओ साहेब, मराठीच हाये थे." बाकीचे हसले. ते गृहस्थ काही हसले नाहीत. मीही नाही.

शुक्रवारी मी दिवसभर परवान्याच्या कामाला बुलढाण्याला गेले होते, त्यामुळं गाडी कुठं होती हे मी स्वतः पाहिलेलं नव्हतं. पण माझा नियम घरात सगळ्यांना माहीत होता. काळ्या पाटीची गाडी घरच्या कामाला वापरायची नाही. मी मागं वळून नवऱ्याला हाक मारली. तो एका स्कूटरच्या इंजिनात डोकं घालून बसला होता.

"अहो, सांगा बरं यायले. काल ही गाडी हलली होती का?"

त्यानं फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसले. "हं... म्हणजे... इथंच होती," असं म्हणाला आणि परत इंजिनात वाकला.

तो गिऱ्हाइकांशी बोलायला आधीपासूनच चाचरतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट जोरच आला. तीन हजारांच्या अनामतीतले अठराशे मी कापून घेतले.

"प्रश्न पैशांचा नाहीये," गृहस्थ म्हणाले.

"आमचाबी नाही," मी म्हटलं. दोघांचाही पैशांचाच होता.

अर्धा तास हे चाललं. शेवटी त्या बाई उठल्या, त्यांनी नवऱ्याची बाही धरली. "चला, जालन्याची बस लागलीय." जाता जाता गृहस्थांनी आमच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढला. मी त्या बसकडं बघत बडबडत राहिले, ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत.

घर दुकानाच्या वरच आहे. वर गेले तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. एरवी या वेळेला त्यांचा चहा उकळत असतो. त्या गुडघ्याला हळद आणि तेल लावत होत्या. गुडघा कवठाएवढा सुजला होता.

"काय झालं, आत्याबाई?"

"काई नाई. पाय मुरगळला."

"गुडघा कुठं मुरगळतो?"

त्यांनी पदरानं पाय झाकला. मी पातळ जरा वर सरकवलं तर पोटरीवर खरचटल्याची लांब रेघ. डाव्या पायावर. बहुधा माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसलं असावं, कारण त्याच चिडल्या.

"आता मले काऊन पाहून राह्यली अशी? तुले सांगू नको म्हणे थो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शुक्रवारी दुसरबीडला त्यांच्या भाचीच्या मुलीचा साखरपुडा होता. आमची घरची स्कूटर तीन महिन्यांपासून गॅरेजात उघडी पडलेली. दुसऱ्यांच्या गाड्या तासात जोडणाऱ्या माणसाला स्वतःची जोडायला वेळ मिळत नाही. मी बुलढाण्याला गेलेली, मग मायलेकांनी ती गाडी काढली. येताना रस्त्याच्या कडेला गिट्टी, म्हणजे खडी, पसरलेली होती, समोरून ट्रक आला, यानं गाडी खाली घेतली आणि घसरली. दोघंही डाव्या अंगावर पडले. "हळूच पडलो," आत्याबाई म्हणाल्या. जणू त्यांनी ठरवून हळू पडायचं काम केलं होतं.

मी खाली आले. नवरा हात धूत होता. मला पाहून त्यानं नळ बंद केला नाही.

"मी अर्धा तास त्या माणसाशी भांडले. तुम्ही ऐकत होता."

"हाव."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. पण तू सुरू झाली. मंग मधात कसं बोलू?"

"मी तुम्हाला हाक मारून विचारलं! सगळ्यांसमोर!"

"म्हणून तं," तो म्हणाला. "एवढ्या लोकायसमोर तुले खोटी कशी पाडू?"

या माणसाला मला वाचवायचं होतं, म्हणून त्यानं मला चोर केलं. मी ओरडले नाही. ओरडण्याचा सगळा साठा मी चुकीच्या माणसावर संपवून बसले होते.

पावतीवर नंबर होता. फोन लावण्याआधी मी दोनदा खाली ठेवला. त्या माणसाचं चुकलं असतं तर किती बरं झालं असतं, असं अगदी मनापासून वाटत होतं. त्यांनी उचलला तेव्हा मागं बसचा खडखडाट ऐकू येत होता. मी सरळ सांगितलं. गाडी काल आमच्याच घरच्यांनी नेली होती, पडली होती, मला आत्ता कळलं, तुमचे अठराशे लगेच पाठवते. माफ करा.

ते म्हणाले, "मी तुम्हाला तेव्हाच म्हणालो होतो." आणि मग सुरू झाले. व्यवसाय कसा करावा, नोंद कशी ठेवावी, माणसांवर विश्वास कसा टाकावा. माफी मागणं सोपं होतं. ऐकणं फार अवघड गेलं. मी "हो, हो" म्हणत राहिले आणि दुसऱ्या हातानं टेबलावरचा पेपर चुरगाळत राहिले.

मध्येच फोन बाईंनी घेतला. "पैसे आले की कळवते. पण काय हो, गाडीवर कोण होतं? त्यांना लागलं का?"

मी गुडघ्याचं सांगितलं.

"पाय वाकवता येतोय त्यांना? जिना चढतायत?"

मी विचारलंच नव्हतं. मी त्या गुडघ्याकडं पुराव्यासारखं पाहिलं होतं.

"उद्याच एक्स-रे काढा," त्या म्हणाल्या. "माझ्या आईनं असंच अंगावर काढलं होतं."

रविवारी आम्ही जालन्याला गेलो. गुडघ्याच्या वाटीला चीर होती. डॉक्टरांनी विचारलं, "दोन दिवस आजी चालत होत्या?" नवऱ्यानं मान खाली घातली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. आत्याबाई मात्र डॉक्टरांनाच समजावत होत्या, "त्याचा काई कसूर नाई, गिट्टी होती ना रस्त्यावर." हा लेक सातवीत नापास झाला तेव्हाही मास्तरचाच कसूर होता म्हणे. सहा आठवड्यांचं प्लास्टर घेऊन आम्ही परत आलो.

बुधवारी त्या गृहस्थांचा निरोप आला. दिलगिरी नाही, चौकशी नाही. व्हिडिओ कसा काढावा याच्या सात सूचना, क्रमांक घालून, एकही शुद्धलेखनाची चूक नसलेल्या. गाडी उजेडात आणून, भिंतीपासून लांब उभी करावी, ही पहिलीच. मला इतका संताप आला की मी फोन पालथा घातला. दुसऱ्या दिवसापासून मी गाडी उजेडात, भिंतीपासून लांब उभी करायला लागले. त्या माणसाचा राग मात्र अजून गेलेला नाही, आणि तो बरोबर होता हे आठवलं की जास्तच येतो.

घरची स्कूटर नवऱ्यानं त्या आठवड्यात जोडली. आत्याबाईंना सकाळी तोच उचलून खुर्चीवर बसवायचा, न्हाणीपर्यंत तोच धरून न्यायचा. सहा आठवडे एकाही दिवशी त्यानं मला मदतीला हाक मारली नाही. मीही आपणहून गेले नाही. स्वयंपाकघरातून मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं.

"हळू ना बे," त्या म्हणायच्या.

"हळूच धरलं, माय."

"तुही पाठ दुखत असंल."

"नाई दुखत," तो म्हणायचा. दुखत होती. मला तेही त्यानं सांगितलं नव्हतं, औषधाच्या दुकानदाराकडून कळलं.