खंडेनवमीला न हललेली क्रेन

शिरोलीच्या ट्रान्सपोर्ट यार्डात मला अजून नेमाचा माणूस म्हणतात. चांगली जाणती माणसं रस्त्यात हात जोडतात. ते जोडलेले हात बघितले की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. कारण नेम-बीम मी काही पाळला नव्हता. मी फक्त सूड उगवला होता, आणि तोही भलत्याच माणसावर.

तेव्हा माझी एक जुनी पंधरा टनी क्रेन होती. लिलावात घेतलेली. धूर सोडायची, कुरकुरायची, पण उचलायला वाघ. नव्वदनंतर आमच्या फौंड्र्यांचं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी माल, परदेशी जायला लागलं आणि न्हावा-शेव्याच्या बंदरातून रिकामे कंटेनर घेऊन लांबच लांब ट्रेलर यार्डात यायला लागले. कंटेनर उतरवायचा, भरला की परत चढवायचा, एखादा ट्रेलर खड्ड्यात रुतला तर त्याला धरून वर काढायचं, ही माझी कामं. मीच मालक, मीच ऑपरेटर. डोकं मात्र तापट. बायको म्हणायची, "तुमच्या नाकावर राग बसत न्हाय, त्यानं तिथं घरच बांधलंय."

त्या वर्षी खंडेनवमीच्या तीन दिवस आधी यार्डाच्या मॅनेजरनं मला सकाळी आठला बोलावलं, दहापर्यंत फाटकावर ताटकळत ठेवलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत गोकुळ शिरगावहून भाड्यानं मागवलेली नवी कोरी क्रेन आत घेतली. वर हमालांसमोर म्हणाला, "तुमचा खटारा लई वेळ खातो, मालक." हमाल फिदीफिदी हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, थांब लेका, येशील की माझ्याच दारात.

खंडेनवमीला यार्डाशेजारच्या माझ्या जागेत क्रेन धुतली. चाकांना हळदकुंकू लावलं, बूमला, म्हणजे उचलायच्या लांब हाताला, झेंडूचा हार घातला. आमच्याकडं एकदा हत्यार पुजलं की दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावत नाहीत, मग ते खुरपं असो नाहीतर क्रेन. शेजारचे दोन-तीन कारखानदार आले होते. नारळ फोडून पेढे वाटतोय, तोवर यार्डाचा वॉचमन सायकल मारत आला.

"मालक, चला लवकर! ट्रेलर बसला! मिस्त्री खाली सापडलाय!"

हा मिस्त्री यार्डातल्या ट्रेलरचे पाटे, ब्रेक दुरुस्त करायचा. कुरुंदवाडकडचा, तिशीतला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. ओढणारी गाडी सोडवून नेली की ट्रेलर पुढच्या दोन लोखंडी पायांवर उभा असतो. परतीच्या पावसानं जमीन मऊ झाली होती. त्यातला एक पाय खचला, आणि भरलेला ट्रेलर पुढून खाली बसला. मिस्त्रीचा पाय त्याच्याखाली चिरडून अडकला. जॅक लावायला जावं तर जॅकच चिखलात जात होते. क्रेनशिवाय तो निघणार नव्हता, आणि माझी क्रेन तिथून हाकेच्या अंतरावर उभी होती.

मी म्हणालो, "आज हत्यार हलत न्हाय. देवीचं हाय."

"अवो, माणूस मरतोय की!"

"मग तुमच्या त्या नव्या क्रेनला फोन लावा जावा. ती वेळ खात न्हाय म्हणं."

पुढं मी दहा जणांना सांगितलं, की मला ती थाप वाटली. क्रेन लवकर यावी म्हणून मॅनेजर नेहमीच काहीतरी बोंब ठोकायचा, हे खरं होतं. पण मला थाप वाटली, हे साफ खोटं. वॉचमन गुडघ्यापर्यंत चिखलानं भरला होता आणि रडत होता. मी बघितलं होतं. आणि सांगायलाही लाज वाटते, तो सायकल वळवून गेला तेव्हा मला बरं वाटलं. आता मॅनेजर हात जोडत येतोय का नाही बघू, म्हणून मी माझ्या फाटकाकडं बघत बसलो. पेढासुद्धा खाल्ला.

मॅनेजर आला नाही. ती नवी क्रेन गोकुळ शिरगावहून, शहराच्या पार त्या टोकाहून यायची. तिला दीड तास लागला. त्या दीड तासात मी दोनदा किल्ली हातात घेतली. पण 'देवीचं हाय' हे पाहुण्यांनी ऐकलं होतं. आता हललो तर चारचौघांत हसं होईल, म्हणून किल्ली परत खिशात टाकली. जनाची लाज तेवढी धरली, मनाची सोडून दिली.

मिस्त्रीचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

आठवड्यानं मी शहाळी घेऊन दवाखान्यात गेलो. त्याची बायको माझ्याकडं पाठ करून बसली. मिस्त्रीच बोलला.

"मनाला लावून घेऊ नका, मालक. पुजलेलं हत्यार कसं हलवायचं? तुम्ही नेम मोडला न्हाय, म्हणून देवीनं पायावर भागवलं. न्हायतर जीवच गेलता."

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. त्यानं माझा हात धरला, आणि मी गप्प बसलो. भित्रा, दुसरं काय.

हीच गोष्ट त्यानं यार्डभर सांगितली. लोक मला मान द्यायला लागले. माझं काम उलट वाढलं! पुढच्या खंडेनवमीला, जयपूर फूट लावून यार्डात परत कामाला लागलेला मिस्त्री लंगडत हार घेऊन आला. त्यानं स्वतः तो क्रेनला घातला. मग दरवर्षी यायला लागला. तो दिवस जवळ आला की मी घरात विनाकारण सगळ्यांवर खेकसायचो.

आठ-नऊ वर्षांनी माझी पाठ धरायला लागली आणि क्रेन विकायचं ठरलं. शेवटच्या खंडेनवमीला मिस्त्री सगळ्यांच्या आधी आला. दोघंच होतो. म्हटलं, आज नाही तर कधीच नाही.

"मिस्त्री, त्या दिवशी नेम-बीम काय नव्हता. मॅनेजरवर डूख धरून बसलोतो. मुद्दाम आलो न्हाय."

तो बूमला हार बांधत होता. हात थांबले नाहीत.

"म्हाईत हाय."

"कवापासनं?"

"त्याच दिवशी. वॉचमन परत यून तुमचं ते नव्या क्रेनचं बोलणं सांगत हुता, तवा मी तिथंच पडलोतो की. शुद्धीत हुतो."

"मग इतकी वर्सं हे हार…"

"पाय देवीनं नेला म्हटलं की सोसतं, मालक. तुम्ही नेला म्हणत बसलो असतो, तर तुम्ही उचलून धरलेल्या ट्रेलरखाली मी रोज कसा शिरलो असतो? घरात खाणारी तोंडं हुती." मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "आता तुम्ही क्रेन विकून मोकळं हुतायसा, आणि जाता जाता हे बी बोलून मोकळं व्हायचं व्हय? मी हुतो की गप!"

मी त्याच्या पाया पडायला वाकलो. तो झटक्यानं मागं सरला. त्या पायावर तसं सरता येत नाही, तो धडपडला. मी हात पुढं केला. तो त्यानं धरला नाही. क्रेनच्या चाकाला धरून उभा राहिला.