बोलणी फिसकटली

माझं लग्न वणीच्या मुलीशी ठरत होतं, तेव्हाची गोष्ट. बाबा रोज सकाळी आमच्या मारेगावच्या घराच्या ओसरीवर बसून मोबाइलवर सोयाबीनचे भाव आणि अमेरिका-चीनच्या व्यापाराच्या बातम्या पाहायचे. एकदा तिथूनच ओरडले, "अवं, बोलणी फिसकटली!" आत्या आत कणीक मळत होती. तिनं पिठाच्या हातानंच साऱ्या नातेवाइकांना फोन लावले. कोणाची फिसकटली, हे विचारायची आमच्या घराण्यात पद्धतच नाही!

तासाभरात मुलीचे वडील मोटारसायकलनं दारात हजर. "आमचं काय चुकलं जी? काहून मोडून राह्यले?"

बाबा आधी गोंधळले, मग मोबाइल पुढे करून म्हणाले, "अजी, तुमची नाही. अमेरिका अन् चीनची फिसकटली."

पाहुण्यांनी चष्मा लावून अख्खी बातमी वाचली. आता लग्नाच्या तारखेचं निघेल, म्हणून मी आत जाऊन नवा शर्ट चढवला.

"मंग सोयाबीन आता ठेवाचं का इकाचं?" त्यांनी विचारलं.

दुपारी जेवून ते निघाले. तोवर दोघांनी मिळून अमेरिका आणि चीनचं जमवून दिलं होतं. माझं तेवढं राहिलं.